बेबीबाईची दृष्टी समाधानकारक

माझ्या कपाटात बेबीबाईच्या नऊ फायली आहेत आणि नऊही फायलींवर माझी सही आहे. मी हिंगोलीला समाजकार्याच्या महाविद्यालयात शिकवते. वृद्धांसोबत काम कसं करायचं हा पेपर माझ्याकडे, आणि तो शिकणाऱ्या पोरांना दर गुरुवारी सिद्धेश्वर धरणाजवळच्या एका तांड्यावर न्यायचं कामही माझ्याचकडे. सोपा पेपर म्हणून पोरं तो घेतात. "म्हाताऱ्यांशी काय मॅडम, दोन गोड शब्द बोलायचे," असं एकानं मला पहिल्याच तासाला ऐकवलं होतं. घरी आजीनं हाक मारली तर मोबाइलमधून मान वर न काढणारी ही पोरं. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचा पगार घेते मी.

तांड्यावर म्हातारी माणसं पुष्कळ, पण केस स्टडीला दरवर्षी बेबीबाईच. तिचं घर डांबरी रस्त्याला लागून, ती मराठी चांगलं बोलते आणि आलेल्याला हाकलत नाही, एवढीच कारणं. सत्तरी ओलांडलेली, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. कालव्याखाली दीड एकर रान आहे, त्यावर भागत नाही, म्हणून मुलगा खेमा आणि सून निलम दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळीबरोबर जातात, उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत राहतात ते उन्हाळ्यातच परततात. तांड्यावरची निम्मी लेकरं अशी आईबापांबरोबर जातात आणि शाळेतून गळतात. बेबीबाईची नात शिला मात्र पाचवीपर्यंत आली होती, कारण घरी तिला सांभाळायला धडधाकट आजी होती. त्या पोरीची शाळा म्हातारीच्या धडधाकटपणावर उभी होती. हे माझ्यासारख्या शिकलेल्या बाईला नऊ वर्षं सुचलं नाही.

आमचा फॉर्म चार पानांचा. त्यात 'दृष्टी' असा रकाना आहे आणि पुढे दोन चौकोन, समाधानकारक आणि असमाधानकारक. मी पोरांना शिकवते की म्हाताऱ्या माणसाला थेट प्रश्न विचारून लाजवू नका, निरीक्षण करा. आणि घरात दिलेला चहा नाकारू नका. पोरांनी माझं एवढं मात्र तंतोतंत ऐकलं. बेबीबाई चूल पेटवायची, फळीवरचा साखरेचा डबा अचूक काढायची, आठ कप काठोकाठ भरायची आणि थेंब सांडायची नाही. पोरं चहा प्यायची आणि 'समाधानकारक'वर खूण करायची.

कप भरताना ती बोटाचं टोक आत धरायची, चहा कुठवर आला ते कळावं म्हणून. हे एका मुलीच्या लक्षात आलं होतं. तिनं फायलीत लिहिलं, 'लाभार्थीस स्वच्छतेबाबत प्रबोधन आवश्यक.' आणि मी समासात लाल शाईनं लिहिलं, 'छान निरीक्षण.' ते पान मी अजून फाडलेलं नाही, पण फाडावंसं रोज वाटतं.

यंदाच्या बॅचमध्ये अंगद आला. हट्ट्याकडचा, घरी मेंढरं. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आणि फॉर्म कायम अर्धा कोरा. ऑगस्टमध्ये मी सगळ्यांसमोर त्याला झापलं, "दृष्टीचा रकाना कोरा का?"

"मॅडम, आजीला दिसत न्हाई."

"मग चहा कोणी केला, मी?"

तो खाली बघत म्हणाला, "आमच्याकडं एक मेंढी व्हती, दोनी डोळ्यांनी आंधळी. वाड्यात अशी फिरायची की सहा महिने माझ्या बाला बी कळलं न्हाई. रानात नेली आन् बांधावरून पडली. वळखीच्या जागंत आंधळं कळत नसतंय, मॅडम."

पोरं हसली. "माणसाला मेंढी म्हणतोस?" असं म्हणून मीही त्याला खाली बसवलं. राग त्याचा नव्हता आला. तो बरोबर असेल तर काय, या भीतीचा तो राग होता.

पुढच्या गुरुवारी चहा पिऊन झाल्यावर मी बेबीबाईला म्हणाले, "चला, रस्त्यापर्यंत सोडायला येता?" अंगणभर ती सरळ चालली. अंगण संपलं, तिथे पंचायतीनं नवी नाली खोदली होती. बेबीबाई थांबली आणि तिनं हवेत हात पुढे केला. तो हात मी धरला तेव्हा तिला समजलं की मला समजलंय.

"बाई, कोनाला सांगू नका," ती हळूच म्हणाली. "निलमला कळलं तर शिला उसात गेली समजा."

मी तिला हिंगोलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तिची समजूत, मोतीबिंदू असेल, काढता येईल. काचबिंदू निघाला. डावा डोळा पार गेलेला, उजव्यात जरासं शिल्लक. ते टिकवायचं तर दिवसातून तीनदा थेंब, जन्मभर, एकही वेळ न चुकवता. डॉक्टरांनी मला विचारलं, "तुम्ही यांच्याकडे कधीपासून जाता?" मी म्हणाले, नऊ वर्षं. ते औषध लिहीत राहिले. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मी वर्गात शिकवते की म्हाताऱ्या माणसाची गोष्ट त्याच्या संमतीशिवाय कोणाला सांगायची नाही. शिकवायला काय जातं! इथे आंधळी म्हातारी, दहा वर्षांची पोर, पेटती चूल, आणि सहा महिने घरात तिसरं माणूस नाही. दुपारचा थेंब पडायचा तेव्हा पोर शाळेत. पंधरा दिवस मला नीट झोप नाही. शेवटी मी बेबीबाईलाच सांगितलं, "मी निलमशी बोलणार आहे."

ती म्हणाली, "बोला. तुमच्या फायलीत लिवायला झालं." एवढं बोलून ती आत गेली आणि त्या दिवशी तिनं चहा विचारला नाही.

निलम वाईट बाई नाही. तिनं ऐकलं आणि पदरानं डोळे पुसले. सासूला ती याडी म्हणते, म्हणजे आई. "आमाला काहून सांगितलं न्हाई याडीनं? मी टाकीन थेंब, बराबर टाकीन." मी म्हणाले, शिलाची शाळा सोडू नकोस, मी सोय बघते. टोळीवर जाणाऱ्यांच्या मुलांसाठी गावातच राहायची सोय होते, असं मीच वर्गात घसा कोरडा करून सांगत असते. दोन कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. एकीकडे म्हणाले, यादी आधीच वर गेली. दुसरीकडे म्हणाले, या तांड्यावर पोरं कमी भरतात, पुढच्या वर्षी बघू. आमच्या बैठकीत मी म्हटलं, निदान तो फॉर्म तरी बदला. उत्तर मिळालं, मॅडम, वर्षाच्या मध्यात कसा बदलणार, गुण त्यावरच आहेत.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर पहिल्या गुरुवारी गेलो तर घराला कुलूप. शेजारच्या पेमानं सांगितलं, ट्रक चार दिवसांपूर्वीच गेला, चौघंही गेली. म्हातारीला चढवायला तीन माणसं लागली. "यायला तयार नव्हती," तो म्हणाला. "दाराची चौकट सोडीना."

पोरं फॉर्म हातात घेऊन उभी होती. मी नालीवरच्या फळीवर उभी राहून निलमला फोन लावला. मागे कोयत्यांचा आणि माणसांचा आवाज येत होता.

"थेंब चालू आहेत ना?"

"व्हय मॅडम. सकाळ, दुपार, रात. एक येळ चुकली न्हाई."

"तू आणि खेमा दिवसभर फडात. दुपारचा कोण टाकतं?"

"शिला हाय की," निलम म्हणाली. "ती कोपीवरच असती आता, याडीपाशी."