दहा मैलांची पाटी

इतकी वर्षं लोटली, पण राजवाड्यामागच्या गल्लीत पडलेला तो फुटका दगड अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

पन्नासच्या दशकाची अखेर होती. मी तंजावूरला सब-इन्स्पेक्टर होतो. मूळचा इथलाच, मराठा राजांच्या काळापासून इथे वसलेल्या घराण्यातला, घरी मराठी बोलणारा; पण मधली वर्षं बाहेरच्या ठाण्यांत गेली होती आणि गावात ओळखीचं कुणी उरलं नव्हतं. पोलीस लाइनीतल्या एका खोलीत मी एकटा राहत असे.

त्या गल्लीत घरांच्या पायऱ्या थेट रस्त्यावर उतरतात. पूर्वी तिथून बैलगाड्या आणि सायकली जायच्या. डांबर पडल्यावर खासगी बसवाल्यांना स्टँडवर जायचा तो जवळचा मार्ग सापडला. दोन मालकांच्या गाड्या प्रवाशांसाठी शर्यत लावत आणि दाराला घासून निघून जात.

एका सकाळी पहिल्या फेरीची बस गल्लीत आडव्या ठेवलेल्या दगडावर चढली. पुढचा आस मोडला. बसच्या दारातल्या पायरीवर उभा असलेला कंडक्टर फेकला गेला आणि त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. मालकाने फिर्याद दिली आणि दुसऱ्या मालकावर संशय घेतला. दुपारपर्यंत एका खबऱ्याने येऊन सांगितलं की त्या दुसऱ्या मालकाचा क्लीनर पहाटे गल्लीत दिसला होता.

क्लीनरला आणलं. मी त्याला बराच वेळ उलटसुलट विचारलं. तो एकच सांगत राहिला : गल्लीच्या तोंडाशी चहा प्यायला, परत गेला. खोटं बोलणारा माणूस दर खेपेस थोडी भर घालतो, असा माझा अनुभव आहे. याने एक शब्दही वाढवला नाही. चहावाल्यानेही तेच सांगितलं. क्लीनरला सोडून दिलं. मग इस्पितळात जाऊन कंडक्टरचा जबाब घेतला. तो म्हणाला, "पडल्यावर एक म्हातारे गृहस्थ धावत आले. पाणी पाजलं. इस्पितळाची गाडी येईपर्यंत माझा हात धरून बसले होते."

पंचनाम्यात नुसता 'दगड' लिहिला होता. मी मुद्देमालाच्या खोलीत जाऊन तो नीट पाहिला. तो इडलीचं पीठ वाटायचा रगडा होता, दोन तुकडे झालेला. आतला खळगा वापरून गुळगुळीत झालेला, पण त्यात धुळीचा थर घट्ट बसला होता. आमच्या भागात रगड्याशिवाय घराचा दिवस सुरू होत नाही. म्हणजे जिथे वाटण-घाटण कित्येक महिने बंद आहे, अशा घरातला हा दगड. आणि एवढं ओझं कुणी लांबून आणणार नाही.

गल्लीतल्या लोकांना विचारलं तर जो तो कामाचं निमित्त काढून आत गेला. पलीकडच्या रस्त्यावर एक बाई खाणावळ चालवत. त्यांना मी तमिळमध्ये विचारलं, "या गल्लीत तुमचा डबा कुणाकडे जातो?"

"एकाच घरी," त्या म्हणाल्या. "बायको गेल्यापासून."

दार उघडंच होतं. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, सत्तरीच्या आसपासचे गृहस्थ ओसरीवर बसले होते. त्यांच्या हातात मराठी पोथी दिसली, म्हणून मी मराठीत बोललो तसे ते चमकले.

"आपल्यातले का तुम्ही?" त्यांनी विचारलं. "बसा की. घरात मराठी बोलून पुष्कळ दिवस झाले."

मी रगड्याचं विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही.

"तिचाच तो," ते म्हणाले. "ती पहाटे दारात कोलमची रांगोळी घालत होती. रस्त्याकडे पाठ. वाकलेली. बस आली आणि तिला घेऊन गेली. कोर्टात त्यांच्या वकिलाने विचारलं, या रस्त्यावर वेगाची मर्यादा किती? तशी कुठे लिहिलेलीच नव्हती. ड्रायव्हर सुटला."

"म्हणून दगड ठेवलात?"

"लोळवत नेला. बस थांबावी, एवढंच मनात होतं. कुणी बसच्या दारात उभं असेल हे सुचलं नाही. तो पोरगा पडला आणि मला तीच पडलेली दिसली." मग ते म्हणाले, "मी आपण होऊन ठाण्यावर येणार होतो. पायरीपर्यंत गेलो आणि परतलो. काय सांगायचं आणि कोणास, ते कळेना."

कायद्याने गुन्हा होता. मी अटक दाखवली. कोर्टात त्यांनी गुन्हा कबूल केला. कंडक्टरने खांदा बांधलेल्या अवस्थेत येऊन आपली तक्रार नाही असं सांगितलं. मॅजिस्ट्रेटनी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडायचं ठरवलं आणि जामीन कोण राहतो, असं विचारलं. कुणी उठेना. म्हाताऱ्यांनी मागे वळून पाहिलंही नाही. शेवटी खाणावळीच्या बाई उभ्या राहिल्या. "माझ्याकडे जेवतात," त्या म्हणाल्या. "कुठे जाणार आहेत?"

त्यानंतर मी वेगमर्यादेचा प्रस्ताव वर पाठवला. नगरपालिकेचे इंजिनिअर ताशी वीस मैल म्हणत होते. मी त्यांना जीपमध्ये बसवून गल्लीतून नेलं आणि एका ओसरीवरून हवालदाराला रस्त्यावर उतरायला सांगितलं. वीसला ब्रेक दाबला तर हवालदाराला मागे उडी मारावी लागली आणि जीप पुढे जाऊन थांबली. पंधरालाही इंजिनिअरसाहेबांनी डोळे मिटले. दहाला जीप अलीकडेच थांबली; हवालदार पाय न उचलता उभा राहू शकला. म्हातारे दारातून पाहत होते. इंजिनिअरनी त्यांनाच विचारलं, "वेग किती असावा?"

"आकडा तुम्ही ठरवा," ते म्हणाले. "ड्रायव्हरला समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे."

दहा मैलांची पाटी लागली, तमिळ आणि इंग्रजीत. पहिल्या आठवड्यात हवालदार उभा केला, थोडे खटले भरले. मग बसवाल्यांना तो मार्ग परवडेना आणि ते मोठ्या रस्त्याने जाऊ लागले. गल्लीत पुन्हा बायका निवांत कोलम घालू लागल्या.

मी ड्यूटी संपली की कधीमधी त्या ओसरीवर बसत असे. आम्ही फार बोलत नसू. त्यांना मराठी ऐकायचं असे आणि मलाही.

या केसने मला एक गोष्ट शिकवली. ठाण्यावर तक्रार घेऊन तोच येतो, ज्याला कुणीतरी 'जा' म्हणून सांगणारं असतं. एकटा माणूस पायरीवरून परततो. पुढे ज्या ज्या ठाण्यावर गेलो, तिथे गुंडांच्या आधी मी हद्दीतली एकट्या माणसांची घरं विचारून घेतली.

बदलीची ऑर्डर आली तेव्हा निरोप घ्यायला गेलो. त्यांनी माझ्या जागी कोण येणार ते विचारलं.

"चांगले गृहस्थ आहेत," मी म्हणालो. "तमिळ आहेत."

"असू देत," ते म्हणाले. "त्यांना सांगून ठेवा, मी घरीच असतो."

चार्ज देताना मी ते सांगितलं. नव्या साहेबांनी मान हलवली. ते त्या ओसरीवर गेले की नाही, मला कधी कळलं नाही.