चंद्रभान दलालाचं अपील

नागपूरच्या कळमना फळबाजारात चंद्रभान घोरमारे संत्र्यांची दलाली करतो. बागवाल्याचा माल आणि व्यापाऱ्याची गरज यांची गाठ घालून द्यायची हा त्याचा धंदा, आणि या धंद्यात त्याचं एकच शास्त्र आहे: पहिल्या भावाला कधीही हो म्हणायचं नाही. समोरच्यानं भाव सांगितला की चंद्रभान आधी आभाळाकडे बघतो, मग दुपट्टा झटकून खांद्यावर टाकतो आणि 'नाही जमत' म्हणून चालायला लागतो. चालतो मात्र असा, की गोगलगायसुद्धा त्याच्या पुढं निघून जावी. मागून 'थांब ना गा' अशी हाक येतेच. मग तो वळतो, आणि खरा सौदा तिथून सुरू होतो.

बाजारात हे शोभतं. पण हे शास्त्र तो लकडगंजातल्या घरीही घेऊन येतो, ही त्याच्या बायकोची, कामिनीची, जुनी तक्रार आहे. डॉक्टरांनी आठवड्याच्या गोळ्या लिहिल्या तर हा तीन दिवसांवर तोडायला बघतो. स्वतःच्या लग्नाचा मुहूर्त गुरुजींनी सकाळचा काढला, तर यानं संध्याकाळचा मागितला. गुरुजी शेवटी दुपारवर तयार झाले आणि सगळं वऱ्हाड मे महिन्याच्या उन्हात वाळत बसलं. तो मुहूर्त आपण कमावला, असं चंद्रभान अजून सांगतो. कामिनीला त्या दिवशी घेरी आली होती, हे तो सांगत नाही.

त्यांना एकच मुलगी, रोशनी. पाचवीत शिकते. काटोल रोडवर एक निवासी विद्यालय आहे, तिथं सहावीसाठी प्रवेश परीक्षा होते. जागा मूठभर आणि पोरं ढीगभर. ज्या घरात पाचवीतलं पोर आहे त्या घरात वर्षभर टीव्ही बंद, आणि आईबाप स्वयंपाकघरात लपून मोबाइलवर मालिका बघतात, अशी लकडगंजातली रीत आहे. रोशनीनं ती शाळा परीक्षेच्या दिवशी आतून पाहिली. प्रयोगशाळेत एका ताईनं तिला सूक्ष्मदर्शकातून कांद्याची साल दाखवली. तेव्हापासून ती पोरगी आजोबांचं जुनं भिंग घेऊन घरातली प्रत्येक साल तपासत बसायची. तिला त्या शाळेत जायचंच होतं. आईबापांच्या हौसेसाठी नाही, त्या कांद्यासाठी.

निकाल लागला. निवडलेल्या मुलांत रोशनी नव्हती. प्रतीक्षा यादीत ती पहिली होती. पोरगी भिंग उशीखाली ठेवून न जेवता झोपली. कामिनीचे डोळे भरून आले. चंद्रभानचा चेहरा मात्र खुलला.

"रडून काहून राहिली वं?" तो बायकोला म्हणाला. "हा त्यांचा पहिला भाव आहे."

"तो भाव नाही, निकाल आहे," कामिनी म्हणाली.

"तेच ते. अपील करू."

अपिलाची तारीख मिळाली, आणि ठरलेल्या सकाळी बापलेक शाळेत पोचले. बाहेरच्या व्हरांड्यात नागपूर जिल्ह्यातले सगळे दुखावलेले पालक जमले होते. सावनेरहून आलेले एक गृहस्थ सांगत होते, की परीक्षेच्या खोलीतला पंखा कुरकुर करत होता म्हणून त्यांच्या मुलाचं गणित गेलं. एका बाईंच्या मते पेपरच अभ्यासक्रमाबाहेरचा होता, आणि शेजारच्या मुलीला तो कसा जमला याचीही चौकशी व्हायला हवी होती. जितेंद्र नावाचे एक सडपातळ वकील तावातावानं म्हणत होते, "कोवळ्या पोरांच्या अशा परीक्षा घेणंच अमानुष आहे. बंद झाल्या पाहिजेत. फक्त आमच्या अश्विनची ॲडमिशन होऊन जाऊ द्या." यावर सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या.

चंद्रभान कोणाशीच बोलला नाही. सौद्याच्या आधी तो बोलत नसतो. त्यानं पिशवीतून एक संत्रं काढून रोशनीला दिलं आणि दुपट्टा नीट घडी करून खांद्यावर टाकला.

आत टेबलामागं तिघं होते, मधे मॅडम आणि दोन बाजूंना शाळेतले दोन गुरुजी. मधल्या मॅडम बोलायला लागल्या, "घोरमारे, तुमचं म्हणणं आम्ही वाचलं. पेपर पुन्हा तपासला. बेरीज बरोबर आहे, गुण बदलणार नाहीत."

चंद्रभाननं आभाळाकडे बघितलं. तिथं छत होतं, त्यावर भागवलं. मग म्हणाला, "मॅडम, आमच्या बाजारात पेटीवरची चिठ्ठी वाचून कोणी माल घेत नाही. एक संत्रं फोडून चाखते. तुम्ही पोरीले इथंच काही विचारून पाहा. मग बोला."

मॅडमना ही कल्पना आवडली असावी. त्यांनी परीक्षेतलाच एक प्रश्न विचारला, "रोशनी, टाकीत दोनशे चाळीस लिटर पाणी आहे. त्यातलं एक तृतीयांश वापरलं. किती उरलं?"

रोशनीनं डोळे मिटले, ओठ हलवले. "एकशे साठ."

"बघा," चंद्रभान खुर्चीत सरसावून बसला. "आहे का नाही गोड?"

"नक्की?" मॅडमनी सहज विचारलं.

रोशनीनं बापाकडे बघितलं. मग ती हळूच म्हणाली, "नाही. ऐंशी."

चंद्रभानचं हसू अर्ध्यातच राहिलं.

"पेपरातही तू आधी एकशे साठ लिहिलंस आणि खोडून ऐंशी केलंस," मॅडम म्हणाल्या. "असं सहा ठिकाणी केलंस. आधीची सहाही बरोबर होती. का खोडलीस, बाळा?"

"बाबा सांगते," रोशनी म्हणाली, "का पहिलं जे येते ते कधीच खरं नसते. थांबलं का चांगलं भेटते."

डावीकडचे गुरुजी टेबलावरचा पेपरवेट फिरवायला लागले. चंद्रभानचे कान तापले. रोज संध्याकाळी आपण या पोरीला पाढ्यांबरोबर काय काय शिकवलं, ते त्याला एकेक करून आठवायला लागलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली. पंखा कुरकुरला असता तर किती बरं झालं असतं, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

मॅडमनी त्याला फार वेळ तसं बसू दिलं नाही. "गुण देता येणार नाहीत. पण रोज घरून ये-जा करणाऱ्या मुलांची एक जागा कालच रिकामी झाली. वसतिगृह मिळणार नाही, वर्ग तेच, शिक्षक तेच. यादीत रोशनीच पहिली आहे. घेता?"

आता इथं कुठल्याही शहाण्या माणसानं हात जोडले असते. चंद्रभान शहाणाच आहे, पण सवय त्याच्याहून चपळ आहे. समोरून पहिला भाव आला होता. बुद्धी काही म्हणायच्या आत तोंड बोलून गेलं, "हॉस्टेलशिवाय नाही जमत, मॅडम," आणि पाय उठून दरवाज्याकडे चालायलाही लागले.

तो त्याच्या त्या नामांकित चालीनं चालला. अर्ध्या वाटेत दुपट्टा झटकला. हाक आली नाही. दारापाशी वाकून चपलेचा पट्टा उगाच सारखा केला. मागं कागद उलटल्याचा आवाज आला. मग टेबलावरची घंटी वाजली आणि मॅडम म्हणाल्या, "पुढच्यांना पाठवा." शिपायानं मोठ्या अदबीनं दार उघडून धरलं, आणि बाहेरून वकील जितेंद्र आपल्या अश्विनचा हात धरून उठताना दिसले.

इतक्या वर्षांत आपण बाजारातून कधी हाकेवाचून परतलो नाही, आणि इथं हाक मारणारं कोणीच नाही, हे त्याला त्या उंबऱ्यावर कळलं. परत वळावं तर मान आडवा येत होता. पुढं जावं तर पोरीचं वर्ष आणि तो कांदा दोन्ही जात होते.

"मॅडम," मागून आवाज आला. रोशनी खुर्चीवरून उठलीच नव्हती. "मी घेते."

"नक्की?" मॅडमनी पुन्हा तोच प्रश्न विचारला.

या वेळी तिनं बापाकडे बघितलं नाही. "हो. नक्की."

"मग वडिलांची सही लागेल."

रोशनी मागं वळली. "बाबा, थांबा ना. इकडं या."

हाक आली होती. चंद्रभान वळला, आणि जाताना लागला होता त्याच्या निम्म्या वेळात टेबलापाशी पोचला. सही झाली. त्यानं मॅडमना इतका वाकून नमस्कार केला, की दुपट्टा टेबलावर सांडला आणि गुरुजींचा पेपरवेट खाली पडला.

सिटी बसमध्ये त्यानं दोन तिकिटं काढली. मग म्हणाला, "रोशनी, ते भावाचं मी सांगत होतो ना, ते फक्त संत्र्यांसाठी होतं. गणितात नोको वापरू."

"समजलं मले," रोशनी संत्र्याची साल खिशातून आणलेल्या भिंगाखाली धरून म्हणाली. "पण तुम्ही दारापर्यंत काहून गेले होते?"

चंद्रभानला एकच उत्तर सुचलं. ते पहिलंच होतं, आणि खरंही होतं. "चुकलो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाजारात बापूजींनी त्याला गाठलं. म्हातारा जुना दलाल, चंद्रभानला दुपट्टा झटकायला यांनीच शिकवलेलं.

"काय गा, शाळेचा सौदा झाला का?"

"झाला."

"कितीदा उठून चालला?"

"एकदाच. पहिल्याच बोलीत ठरला."

बापूजींचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. "पहिल्या बोलीत? तुह्यासारखा दलाल असून? कोण अडाणी बसलं होतं तिथं सौद्याले?"

"माही पोरगी," चंद्रभान म्हणाला, आणि सांगताना त्याची छाती अशी फुगली की दुपट्टा खांद्यावरून घसरला.