उचलता न येणारे खांब

गवंड्याला सगळे ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. ह्या बाबाला वाकडं काही म्हणून सहन व्हायचं नाही. वाकडी भिंत दिसली की पाडायचा, आणि वाकड्यात शिरणारा माणूस भेटला की त्यालाही. पंचवीस वर्षांत चौघांचे दात त्याने हातात दिले होते आणि एका ठेकेदाराला चुन्याच्या हौदात बसवलं होतं. राग कायम नाकावर. घरी बायकोपुढे मात्र गोगलगाय.

बायको शहराच्या मधोमध असलेल्या मोठ्या सरकारी कार्यालयात झाडलोट करायची, तिसऱ्या मजल्यावर. बसथांब्यापासून कार्यालयाच्या दारापर्यंत अंतर जेमतेम ऐंशी पावलं, पण त्या अंगणात माणसाला जागाच नव्हती. साहेबांच्या गाड्या, साहेबांच्या साहेबांच्या गाड्या, आणि ज्यांचा साहेबाशी काडीचा संबंध नाही त्यांच्याही गाड्या. रोज हजारो माणसं कागदांची पिशवी छातीशी धरून, अंग चोरून, आडवी होऊन त्यांच्यातून वाट काढायची. एका सकाळी मागे येणाऱ्या एका गाडीने ओळंब्याच्या बायकोचा डावा पाय चेपला. दोन बोटं काढावी लागली. गाडी कुणाची, चालवत कोण होतं, विचारलं तर सगळे म्हणाले, गर्दी होती, दिसलं नाही. डोळे काय गहाण टाकले होते मेल्यांनी? तेव्हापासून ती लंगडत चालायची, आणि गाडी सुरू झाल्याचा नुसता आवाज आला तरी नवऱ्याचा दंड घट्ट धरायची.

म्हणून अंगण माणसांसाठी मोकळं करायचं ठरलं तेव्हा ते काम ओळंब्याने हट्टाने मागून घेतलं. आराखडा एका बाईने केला होता. बाई हुशार. आठवडाभर बसथांब्यावर उभी राहून माणसं कुठून कशी चालतात ते बघत राहिली, आणि ओळंब्याकडून त्यांच्या पावलांमागे चुन्याची फक्की टाकून घेतली. म्हणाली, "आपण वाट आखायची नाही. लोकांनी आखलीय, आपण फक्त दगड बसवायचे." पायरी एकही नाही. बसायला ओटे, डोक्यावर झाडं. गाड्या सगळ्या मागच्या गल्लीत. रस्त्याच्या कडेला दगडी खांबांची रांग, मधून चाकाची खुर्ची जाईल पण गाडी जाणार नाही. मधले दोन खांब तेवढे उचलता येणारे. जमिनीत लोखंडी नळी, तिच्यात खांब, त्याला कुलूप, किल्ली पहारेकऱ्याकडे. आग लागली तर बंब आत यायला नको का?

ड्रायव्हर लोकांचं पित्त खवळलं. त्या अंगणात सावलीला त्यांचा पत्त्यांचा अड्डा होता, आणि त्यांचा पुढारी होता पैलवान म्हणून एक. कुस्ती कधी खेळला नव्हता, पण मान आणि डोकं एकाच मापाचं. एका दुपारी त्यांनी नव्या दगडांच्या ओल्या सांध्यांवरून मुद्दाम जीप घातली, पुढे आणि मागे, दोनदा. तीन दिवसांचं काम चिखल झालं. ओळंब्याने चालवणाऱ्याला खिडकीतूनच गचांडी धरून बाहेर ओढला आणि त्याचं तोंड जीपच्या बॉनेटवर आपटलं, दात पत्र्यावर वाजेपर्यंत. पैलवान मागून जॅकची दांडी घेऊन आला. ओळंब्याचा कान उभा फाटला, रक्त खांद्यावरून कोपरापर्यंत आलं. त्याने वळून पैलवानाच्या मनगटावर हातोडी घातली. हाड मोडल्याचा आवाज रस्त्यापलीकडच्या दुकानदाराने ऐकला. पोलिसांनी दोघांना दोन दिवस आत ठेवून दम देऊन सोडलं.

ह्या सगळ्यात एक माणूस दोन्हीकडचा होता, तो म्हणजे ओळंब्याचा मेहुणा. बायकोचा पाठचा भाऊ, आईबापाविना तिनेच वाढवलेला. त्याच कार्यालयात एका साहेबाची गाडी चालवायचा. एका संध्याकाळी तो घरी आला आणि चहाचा कप हातात धरून बसला, पिईना.

"भाऊजी, सांगू नये पण सांगतो. पहारेकऱ्याच्या किल्लीची दुसरी करून घेतलीय त्यांनी. अंगण खुलं झालं की आठ दिवस गप्प बसायचं, मग मधले दोन खांब उचलायचे आणि गाड्या आत."

बायको तेल लावून पाय चोळत बसली होती. तिने मान वर केली नाही, पण तिचा हात थांबला. ओळंब्याने तो थांबलेला हात बघितला.

दुसऱ्या दिवशी आराखडेवाली बाई दुसऱ्या कामावर गेली होती. ओळंब्याने भर दुपारी, कुणाला न सांगता, त्या दोन नळ्यांत सळया घातल्या, खांब उतरवले आणि त्यांच्या पोकळ पोटातही वरपर्यंत काँक्रीट ओतलं. सिमेंट सढळ हाताने घातलं. वरून धूळ पसरली, कुलपं जशीच्या तशी लटकवली. आता काढा म्हणावं, एका बापाचे असाल तर. एक घाव दोन तुकडे केल्याचं समाधान घेऊन तो घरी गेला आणि गाढ झोपला. बंब त्याच्या ध्यानातच आला नाही. खोटं कशाला बोला, आला होता. पण बंब कधीतरी येणार, गाड्या रोज येणार, असा त्याने हिशेब केला.

अंगण खुलं झालं. म्हातारी माणसं वाटेत थांबून गप्पा मारू लागली. बायको पहिल्या दिवशी घरी आली ती हसतच. म्हणाली, "अहो, सरळ चालत गेले. एकदासुद्धा आडवी झाले नाही." ओळंब्याला आयुष्यात कुणी हार घातला नव्हता, पण त्याला वाटलं, हेच ते.

नवव्या दिवशी दुपारी पैलवान दहाबारा जणांना घेऊन आला. कुलपं उघडली, खांबांना मिठ्या मारल्या, पहारी लावल्या. खांब हलेना. काय झालंय ते कळल्यावर त्यांचं डोकंच फिरलं. पैलवान म्हणाला, "त्याची खोलीच जाळतो." कार्यालयाच्या भिंतीला लागून ओळंब्याच्या सामानाची लाकडी खोली होती. आत डांबराचं पिंप, फळ्या, पोती. ओळंबा पलीकडे राहिलेल्या एका ओट्याचा दगड बसवत होता, तो धावत येईपर्यंत डिझेल ओतून झालं होतं. त्याने पहिल्याच्या पोटात गुडघा घातला, दुसऱ्याचं बोट चावून सोडलं, पण चौघांनी त्याला खाली पाडून लाथांनी बरगड्या मोजल्या. तोवर काडी पडली होती. पिंप फुटलं. जाळ भिंतीवरून सरळ वर गेला आणि खिडक्यांतून कागदांच्या गठ्ठ्यांना लागला. हे काय होऊन बसलं ते बघून ड्रायव्हरच पळत सुटले.

एकजण पळाला नाही. मेहुणा "ताई" अशी हाक मारत जिन्याकडे धावला. थोड्या वेळाने बायको धुरातून खोकत बाहेर आली, त्याने तिला ढकलत खाली आणलं होतं. वर दोन म्हाताऱ्या अडकल्यात म्हणून तो परत गेला. मग जिनाच पेटला.

बंब लवकर आला. शिडीचा मोठा बंब, खांबांपाशी येऊन थांबला. कुलपं उघडीच होती, पहारेकऱ्यासकट सहा जणांनी जोर लावला, खांब जागचा हलेना. मागून यावं तर गल्लीत गाड्यांची रांग. हातातली शिडी पहिल्या मजल्यापुढे जाईना. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत मेहुणा दोघी म्हाताऱ्यांना कवटाळून उभा होता आणि मागे लाल दिसत होतं.

ओळंबा उठला. मोडलेल्या बरगड्यांनिशी त्याने घण उचलला आणि आपल्याच खांबावर घालायला लागला. दगड फुटला, आतलं काँक्रीट फुटेना. सळया वाकत होत्या, तुटत नव्हत्या. त्याच्या तळहातांची सालं निघाली, घणाचा दांडा रक्ताने निसटायला लागला. प्रत्येक घावाला तो स्वतःला आईवरून शिवी देत होता. पहिला खांब गेला, तेवढ्या जागेतून बंब शिरेना. दुसऱ्यावर अग्निशमनवालेही तुटून पडले. त्या दिवशी त्याला स्वतःच्या कामाइतकं कशाचंच भय वाटलं नाही.

शिडी खिडकीला लागली तेव्हा दोघी म्हाताऱ्या उतरल्या. मेहुण्याने त्यांना आपल्या अंगाच्या आडोशाला धरून ठेवलं होतं. त्याची पाठ पेटली होती, आणि शिडी टेकायच्या काही क्षण आधीच त्याने उडी टाकली होती. तो नव्या दगडांवर पडला. परत उठला नाही.

बंबाच्या साहेबाने विचारलं, "हे कुणी भरलं?" आराखडेवाली बाई आली होती. ती कागद उलगडून दाखवत होती, उचलायचे खांब, इथे लिहिलंय. पैलवानाला लोकांनी कोपऱ्यावर धरून रक्त ओकेपर्यंत बडवलं होतं. खांबांचं पापही त्याच्याच माथी गेलं असतं, कुणी ब्र काढला नसता. बायको भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

ओळंबा तिच्यासमोर जाऊन म्हणाला, "मी भरलं. तुझ्यासाठी."

तिने भावाचं डोकं अलगद खाली ठेवलं. मग उठून नवऱ्याच्या तोंडावर, फाटलेल्या कानावर, बरगड्यांवर दोन्ही हातांनी मारत राहिली. "माझ्यासाठी म्हणू नकोस," एवढंच परत परत म्हणत होती. कधी कुणाचा फटका उधार न ठेवणारा तो माणूस हात खाली सोडून उभा राहिला. शेवटी तीच दमली.

पैलवानाला दहा वर्षांची शिक्षा झाली, ओळंब्याला दोन. तो सुटून आला तेव्हा ती घरातच होती. ताट वाढायची, बोलायची नाही. जळालेलं कार्यालय पुन्हा सुरू झालं होतं, ती तिथेच कामाला जायची. अंगण दुसऱ्या गवंड्याने नीट केलं होतं, खांब आता एका हाताने उचलले जातात.

एका सकाळी तो न सांगता तिच्या मागच्या बसने गेला. थांब्यावर उतरलेली माणसं ऐटीत सरळ वाटेने चालली होती. बायको मात्र डावीकडे वळली होती, मागच्या गल्लीत. तिथे आता सगळ्या गाड्या. ती पिशवी छातीशी धरून, आडवी होऊन, लंगडत वाट काढत होती. एक गाडी मागे आली, ती भिंतीला चिकटली. ओळंब्याला राहवलं नाही. धावत जाऊन तिचा दंड धरून म्हणाला, "अगं, पुढून जा ना. एवढी चांगली वाट आहे."

त्या आगीनंतर ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलली. "त्या दगडांवर माझा भाऊ पडलाय. मी त्याच्यावर पाय देणार नाही."

तिने त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि हॉर्न वाजवणाऱ्या गाडीच्या मागून पुढे गेली.