चादरवाल्या वहिनी

आमच्या घराची मागची खिडकी त्यांच्या अंगणात उघडायची. त्या खिडकीतून समुद्र दिसायला हवा होता, पण मला लहानपणी दिसल्या त्या चादरीच. या दोरीपासून त्या दोरीपर्यंत, वाऱ्याने फुगलेल्या. किनाऱ्यावरच्या सगळ्या लॉजच्या चादरी त्यांच्याकडे धुवायला यायच्या, म्हणून अख्खं गाव त्यांना चादरवाल्या वहिनी म्हणायचं. आईपण म्हणायची, मीपण.

लग्न होऊन आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी पिळायला चादर हातात दिली. दुसरं टोक धरून दादा, म्हणजे त्यांचे यजमान. "आमचं पहिलं बोलणं तेव्हाच झालं," वहिनी सांगायच्या. "हे म्हणाले, उलटं पिळताय."

दादा पहाटे बॉयलर पेटवायचे. चादरी आधी झटकायच्या, कारण पाहुण्यांच्या पायांना लागून समुद्राची वाळू अंथरुणापर्यंत यायची. मग उकळतं पाणी, मग नीळ, मग दोरी. हंगामात दोऱ्या पुरायच्या नाहीत, तेव्हा उशांचे अभ्रे आमच्या कुंपणावर वाळायचे. आई कुरकुर करायची, पण काढा असं कधी म्हणाली नाही.

हंगाम काही एका वर्षात गेला नाही. म्हाताऱ्या माणसाला हळूहळू कमी ऐकू यायला लागतं आणि घरच्यांना ते उशिरा कळतं, तसं झालं. लोकांना विमानाने लांब जाणं परवडायला लागलं. महिनाभर राहणारे आठवडाभर राहू लागले, आठवड्यावाले दोन दिवस, आणि मग सकाळी येऊन संध्याकाळी परत. संध्याकाळी परत जाणाऱ्याला चादर कशाला लागते? लॉज एकेक करून बंद पडली. एकाचं गोदाम झालं, एकाच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या. शेवटी उरलं वहिनींच्या नणंदेचं.

नणंद विधवा. गुडघे गेलेले, तरी ती जिने चढायची. ज्या खोलीत छत गळायचं ती पाहुण्याला द्यायची नाही, आणि अशा खोल्या दर पावसाळ्यात वाढत होत्या. तिच्याकडे एक म्हातारं जोडपं दर वर्षी यायचं. एका वर्षी आजोबा एकटेच आले आणि नेहमीच्या खोलीत दोन उशा मागून घेतल्या. नणंदेने ते वहिनींना सांगितलं, तेव्हा वहिनींनी त्या खोलीची चादर वेगळी काढून हाताने धुतली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग शहरातली एक कंपनी आली. किनाऱ्यालगतची जुनी लॉज घेऊन मोठं हॉटेल बांधणार, रस्ता सुधारणार, दिवे लावणार. नणंद एका दुपारी वहिनींच्या ओट्यावर येऊन बसली. मी आमच्या खिडकीत होते.

"वहिनी, मी हो म्हणून आले."

वहिनी अभ्रे घडी करत होत्या, तो हात थांबला नाही. "बरं केलंस."

"चादरींचं विचारलं मी त्यांना. म्हणाले, बघू."

"बघू म्हणजे काय ते कळतं गं."

"तू रागावलीस?"

"तुझे गुडघे मला दिसत नाहीत का? कुणावर रागावू?"

मग नणंदेनेही समोरचा एक अभ्रा उचलून घडी घालायला घेतला.

हॉटेल उभं राहिलं आणि खरं सांगायचं तर देखणं झालं. पहिल्या हंगामातच गर्दी लोटली. किनाऱ्यावर पुन्हा पोरांचा कल्ला, बंद पडलेली दुकानं उघडली. माझ्या भावाचं बेकरीचं दुकान त्या वर्षी सावरलं, त्यामुळे आमच्या घरात कुणी हॉटेलला नावं ठेवली नाहीत. दादा तर हरखून गेले. "बघ, लोक आले. येणार म्हणत होतो ना मी?" त्यांनी बॉयलर आतून-बाहेरून घासला, सगळ्या दोऱ्या नव्या बांधल्या.

वहिनी नमुना म्हणून एक चादर धुऊन, इस्त्री करून मॅनेजरकडे घेऊन गेल्या. मॅनेजर तरुण होता, वागायला चांगला. त्याने त्यांना खुर्ची दिली, चादरीवरून हात फिरवला.

"काकू, इतकी छान आमच्याकडेही येत नाही. पण कंपनीच्या सगळ्या हॉटेलांची धुलाई शहरात एकाच ठिकाणी होते. ट्रक येतो. माझ्या हातात काहीच नाही."

"थोड्या तरी? टॉवेल?"

"नाही हो. पण खोल्या आवरायला माणसं हवीत. तुम्ही या ना."

ती चादर घरी परत आली. दादांना सांगायला वहिनींनी संध्याकाळपर्यंत वेळ लावला. दुसऱ्या दिवशी दादांनी बॉयलर पेटवला आणि घरातल्या दोन चादरी त्यात टाकल्या. एवढ्या मोठ्या बॉयलरात दोन चादरी. वहिनी बाहेर आल्या, बघितलं. मग पदर खोचून त्यांनी पिळायला दुसरं टोक धरलं.

महिन्याभराने त्या हॉटेलात कामाला लागल्या. आता त्या चादरी फक्त अंथरतात. चादरी प्लास्टिकमध्ये बांधून येतात आणि त्यांना कसलाच वास नसतो, असं वहिनी म्हणतात. दादा दुखरा खांदा धरून घरी बसलेले असतात. वहिनी आल्या की पहिला प्रश्न ठरलेला, "आज किती खोल्या भरल्या?" सगळ्या, असं ऐकलं की त्यांना बरं वाटतं. मग चेहरा पडतो. हे रोजचं झालंय.

नणंद आता लेकीकडे असते. परवा तिचा फोन आला तेव्हा मी वहिनींकडेच बसले होते, फोन स्पीकरवर होता.

"गर्दी आहे का गं?"

"पाय ठेवायला जागा नाही."

"वहिनी, मी थांबायला हवं होतं का?"

"किती थांबली असतीस? छत थांबलं असतं का?"

मग नणंद नातीला दात येतायत, रात्रभर रडते, असं काहीबाही सांगायला लागली. वहिनी हं हं करत राहिल्या, आणि थोड्या वेळाने फोन दादांकडे देऊन कुकर लावायला आत गेल्या.