सात त्रिक बावीस

मुलांच्या मनात आत्मविश्वास जागवणं म्हणजे राष्ट्र घडवणं, असं नेरच्या शिक्षक प्रशिक्षणात शिक्षण खात्याच्या साहेबांनी सांगितलं. जेवण यायला उशीर झाला, म्हणून पुन्हा एकदा सांगितलं.

वानखडे बाई मागच्या बाकावर स्वेटर विणत होत्या. तांड्यावरच्या आमच्या शाळेत मी चौथीला शिकवायचो, त्या पाचवीला. त्यांचा उपाय एकच होता: रोज फळ्यावर एक गणित मुद्दाम चुकवायचं आणि कुणीतरी टोकेपर्यंत पुढं जायचं नाही. पोर "मले नाही येत" म्हणालं की म्हणत, "मले तरी कुठं येते? चाल, दोघं मिळून चुकू." मी हसलो, तर म्हणाल्या, "सर, या पोराईले आजवर सगळ्यायनं चूक म्हटलं. त्यायले एकदा तरी दुसऱ्याले म्हणू द्या ना."

पोरं टोकू लागली. एक सारिका सोडून. घरी ती बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बडबडे, शाळेत काहीच नाही. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणार होते, आणि "ढ पोरगी मागं ठेवून काय करू?" हा आईचा सवाल होता. दिवाळी जवळ आली तशी बाई गणितं सोपी करत गेल्या. शेवटी सात त्रिक बावीसवर आल्या.

नेमके त्याच दिवशी साहेब तपासणीला आले. वर्ग चिडीचूप. मागून सारिका उठली.

"बाई, चुकलं. एकवीस."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांना तो पश्चात्ताप वाटला. 'शिक्षिकेस पाढे येत नाहीत', असा शेरा पडला, मागोमाग नोटीस आली. मी खुलासा करायला गेलो.

"मुद्दाम चुकवलं?" साहेब म्हणाले. "मग तर जास्तच गंभीर आहे."

तांड्यावर बातमी पोचली तेव्हा बाई धावत गेल्या. मी मागोमाग.

"हिच्या तोंडानं तुमची नौकरी गेली, बाई," आई दारातच म्हणाली. "आता नाही बोलणार हे."

"नाही गेली वो माय! बरोबर बोलली पोरगी. सारिका, सांग बरं, एकवीस ना?"

आईच्या पाठीमागून आवाज आला, "मले नाही माहीत."

बाई तासभर विनवत बसल्या. दोन दिवसांनी ऊसतोडीचा ट्रक सारिकालाही घेऊन गेला.

सारिकाचं नाव त्यांनी कमी करू दिलं नाही. रोज हजेरीत पुकारत, दाराकडं पाहत थांबत, आणि 'हजर' मांडत. मी एकदा अडवलं.

"रस्त्यातच असंन ते, सर," त्या म्हणाल्या.

वर्षअखेर पाचवीच्या शंभर टक्के उपस्थितीबद्दल साहेबांनी बाईंचं लेखी अभिनंदन केलं.