सतरा की सत्तर

ऐंशीच्या दशकात गडचांदूरकडच्या चुनखडीच्या डोंगरात आम्ही गुहा मोजत होतो. आम्ही म्हणजे तिघं: पुण्याहून आलेले साहेब, जंगलातल्या गावचे एक वयस्क गोंड भाऊ आणि नुकतीच बी.एस्सी. झालेली, गोंडपिपरीची मी. साहेब होकायंत्रात बघून दिशेचे अंश सांगायचे, भाऊ फीत धरायचे, मी वही लिहायची. डावीकडे आकडे, उजवीकडे गुहेची हाताने काढलेली आकृती. खोडरबर बंद. चुकलं तर एक रेघ मारायची, शेजारी खरं लिहायचं, खाली सही. नियम साहेबांचा, पण मनापासून पाळला मी. माझ्या वहीचा मला गर्व होता आणि तो मी लपवतही नसे.

गुहा अरुंद झाली की साहेब पुढे सरपटत जात आणि मी मागे, वही कोरडी राहील अशा जागी बसे. मध्ये भाऊ. साहेब आकडा ओरडत, भाऊ तो माझ्यापर्यंत पोचवत.

एका गुहेला दोन तोंडं होती. एकातून शिरलो, दुसऱ्यातून निघालो आणि बाहेरून डोंगराच्या कडेने मोजत पुन्हा पहिल्या तोंडाशी आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी सगळं आलेखाच्या कागदावर मांडलं. रेघ निघाली तिथेच परत यायला हवी होती. हिशेबाने ती आठ मीटर लांबच थांबली.

"तुमचं लिहिण्यात काहीतरी चुकलंय," साहेब म्हणाले. "पुढच्या आठवड्यात माझा एक विद्यार्थी येतोय. वही त्याच्याकडे देऊ."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मुक्कामाच्या घराच्या व्हरांड्यात बसून एकेक ओळ आकृतीशी ताडून पाहिली. अकराव्या ओळीत सापडलं. आकृतीत गुहा तिथे जवळजवळ सरळ जात होती, आकडा मात्र तिला उजवीकडे वळवत होता. मी लिहिलं होतं सत्तर. साहेब बहुधा सतरा म्हणाले होते. कपारीत घुमलेला आवाज, त्यावर भाऊंचं "सत्रा", आणि शेवटी माझे कान. चूक माझीच, आणि तसं मी जाऊन सांगितलं.

साहेब खूश झाले. "मग सतरा करा आणि मोकळ्या व्हा."

"नाई साहेब." चिडले की माझी पुस्तकी मराठी पळून जायची. "मोजल्याशिवाय मी लिहीत नाई. वही कोणालेही द्या."

"बाई बरोबर बोलून राह्यल्या," भाऊ म्हणाले. "जाऊन येऊ ना. कितीसं दूर हाये?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघंही गेलो. अरुंद जागी पोचल्यावर भाऊ म्हणाले, "साहेब, मले एकेक अंक सुटा सांगा. मी बाईले गोंडीत सांगतो. त्याच्यात गडबड होत नाई." उंदी म्हणजे एक, येडुंग म्हणजे सात, एवढं मला त्यांच्याकडून येत होतं. शून्याला काय म्हणायचं यावर जरा अडलं. "काई नाई म्हणीन," भाऊ म्हणाले.

मी पेन्सिल धरून बसले. "येडुंग, काई नाई" ऐकू आलं असतं तर चूक दुसरीकडेच कुठेतरी होती, आणि वही गेलीच म्हणायची.

"उंदी, येडुंग!"

सत्तरवर रेघ मारली, शेजारी १७ लिहिले, सही केली. अक्षर वळणदारच आलं.

दुपारी साहेबांनी पुन्हा मांडणी केली. आठ मीटरांच्या जागी वीतभर अंतर उरलं. तेवढं चालतं. मग त्यांनी ट्रंकेतून आधीच्या दोन वर्षांच्या वह्या काढल्या, स्वतःच्या हाताने लिहिलेल्या, आणि माझ्यासमोर ठेवल्या. "याही एकदा बघाल का?"

पुण्याचा विद्यार्थी आला आणि त्याने फीत धरली. मी वह्या तपासल्या. चार ओळी आकृतीशी जुळेनात. चारही ठिकाणी मी साहेबांना घेऊन पुन्हा गुहेत उतरले, मोजून घेतलं, रेघ मारली, आणि खाली सही मात्र त्यांची घेतली.