दिघे आणि कामतची बाटली

जी बाटली उघडायची नव्हती ती मी उघडली, बसल्या बैठकीला संपवली, आणि तिच्यात दुसरी बिअर भरून, झाकण ठोकून, होती तिथे परत ठेवून दिली. यात नशेचा काही भाग नव्हता. पूर्ण शुद्धीवर, नीट आखणी करून केलेला मूर्खपणा होता तो. बाटली दिघ्यांच्या फ्रिजमध्ये होती, पण दिघ्यांची नव्हती.

दिघे मूळचे नाशिकचे, कुवेतमध्ये एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. अठ्ठ्याण्णव साली मी पुण्याहून तिथे नोकरीला गेलो, तेव्हा कुणीतरी त्यांचा पत्ता दिला. सबाह अल-सालेममधला फ्लॅट, माणूस एकटा, एक खोली रिकामी. मी दोन बॅगा घेऊन दारात उभा राहिलो. नमस्कार करायला हात जोडणार, एवढ्यात त्या पन्नाशीच्या गृहस्थाने मान पुढे काढून मला चक्क हुंगलं.

"मेथीचे लाडू," ते म्हणाले. "डाव्या बॅगेत. आणि विमानात तुला उलटी झाली."

दोन्ही खरं होतं. मी शरमेने शर्टाकडे पाहिलं.

"धुतलास तरी कळतं. डोळे फसतात रे पुणेकर, कान तर कुणाचंही ऐकतात. नाक कुणाची भीड ठेवत नाही. ये आत."

दिघे सगळं हुंगायचे. दूध, वर्तमानपत्र, टेलिफोनचा रिसीव्हर. मी कामावरून आलो की दारातच एक हुंगणं व्हायचं आणि दुपारी काय खाल्लं, कुणाच्या गाडीतून आलो, हे मला ऐकवलं जायचं. लग्नाआधीच सासुरवास म्हणजे काय ते मला कळलं.

त्या फ्लॅटमधलं दुसरं न्हाणीघर कायम बंद असायचं. आत एसी चालू, पिंप झाकलेलं, आणि पिंपाच्या नळीतून दर काही सेकंदांनी एक बुडबुडा. बाहेरून ऐकलं की आत कुणीतरी दबक्या आवाजात बोलतंय, मध्येच थांबतंय, असं वाटे. दिघे पेपर वाचता वाचता मान वर करून म्हणायचे, "आज जास्त बोलतोय." मला वाटायचं, बिअरबद्दल म्हणतात.

हो, बिअर. त्या देशात दारूला बंदी. सापडलो तर तुरुंग, मग इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, रद्द आणि घरी रवानगी. तरीही दिघे दर महिन्याला एक घाणा काढायचे. कच्चा माल जलीबमधल्या दाऊदभाईंच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, येई. दाऊदभाई रत्नागिरीकडचे, पाच वेळचे नमाजी. बिनदारूच्या माल्टच्या पेयाचे खोके आणि साखर ते आमच्या डिकीत ठेवायचे, आणि दर वेळी आभाळाकडे बघून तेच म्हणायचे, "मी साखर विकतो. फुडचा तुमचा नि अल्लाचा."

दिघे आपल्या मनाची बिअर कधीच करत नसत. एकाच कारखान्याच्या एकाच बिअरची नक्कल, घाण्यामागून घाणे. मी नवखा, म्हणून शहाणपण शिकवायला गेलो. "काका, ही फिकी पिवळी कशाला? काळी करू. जर्मन करू."

"काळीत चुका लपतात. फिकी म्हणजे नागडी, लपायला जागा नाही," ते म्हणाले. "आणि नक्कल कशाची करायची? मूळ हाताशी असेल त्याची. शेजारी ठेवून पडताळता आली पाहिजे. आठवणीवर भरवसा ठेवलास तर स्वतःचीच नक्कल करत बसशील."

मूळ हाताशी होती. फ्रिजच्या मागच्या बाजूला तपकिरी बाटली, कारखान्याचं झाकण, आणि मानेला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी: "मी येईपर्यंत थांब. कामत."

कामत त्यांचा मित्र. माझ्या खोलीत आधी तोच राहायचा. नव्वद साली सुट्टीवरून येताना त्याने प्रेशर कुकरमध्ये, तांदळात पुरून, दोन बाटल्या आणल्या. एक दोघांनी मिळून प्यायली आणि दिघ्यांनी पैज लावली, "अशीच करून दाखवतो. मूळ कुठली ते तुला ओळखता येणार नाही." दुसरी बाटली पैजेसाठी ठेवली, आणि कामतने ड्यूटीवर जाताना गमतीने तिला ती चिठ्ठी बांधली. ऑगस्टमध्ये इराकी फौज आली. कामत एका गाडीतून उत्तरेला, इराकमार्गे जॉर्डनच्या छावण्यांकडे निघाला, "पुढे जाऊन जागा बघतो, मागून ये" म्हणून. दिघे महिन्याने त्याच रस्त्याने गेले. कामत कुठल्याच छावणीत नव्हता, कुठल्याच यादीत नव्हता. त्या गाडीचाही पत्ता लागला नाही.

निघण्याआधी दिघ्यांनी बाटली प्लास्टिकमध्ये गुंडाळून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत सोडली होती. लढाई संपल्यावर परतले तर घरात भिंतीतले स्विचसुद्धा उचकटून नेलेले. टाकी आटलेली, आणि तळाशी बाटली, तशीच.

कामतची बहीण नाशिकहून पत्रं पाठवायची. भावाला शेवटचं पाहणारे दिघे. तो गेला असं त्यांनी लिहून दिलं की मृत्यूच्या दाखल्याचे कागद पुढे सरकणार होते, आणि तिला त्याचं श्राद्ध तरी घालता आलं असतं. दिघे उत्तरात लिहायचे, "अजून थोडं थांबा."

"किती थांबायचं?" मी एकदा विचारलं.

"बिअर जमेपर्यंत. दोन्ही शेजारी ठेवून चाखली, फरक नाही लागला, की पैज संपली. पैज संपली की तो गेला म्हणेन. आत्ता ती बाटली त्याची आहे. बाटली त्याची आहे तोवर तो यायचा आहे."

प्रत्येक घाणा चाखताना टेबलावर तीन ग्लास. एक त्यांचा, एक माझा, एक कामतचा. तिसऱ्याला कुणी हात लावायचा नाही. आणि सकाळी तो ग्लास दोन बोटं खाली गेलेला असायचा. मी इंजिनिअर माणूस. एसीची कोरडी हवा, बाष्पीभवन, असा हिशेब मी मनात मांडला होता. मग एका शुक्रवारी टोझ आलं, म्हणजे तिथलं धुळीचं वादळ. खिडक्या बंद करूनही टेबलावर पिठासारखी धूळ बसली. दुसऱ्या दिवशी बघतो तर तिसऱ्या ग्लासच्या बुडाचं स्वच्छ वर्तुळ टेबलाच्या मधोमध, आणि ग्लास वीतभर अलीकडे, कामतच्या रिकाम्या खुर्चीच्या बाजूला. मी दिघ्यांकडे पाहिलं. दिघ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चहा झाला.

आता माझा पराक्रम. दिघे माझ्या जिभेला चप्पल म्हणायचे. "चप्पल बरी. तिला निदान रस्ता कळतो." हे मला लागलं. मी ठरवलं, मूळ बिअरचा गुपचूप एक घोट घ्यायचा, चव पाठ करायची, आणि पुढच्या घाण्याला असा काही शेरा मारायचा की दिघे थक्क झाले पाहिजेत. झाकण बसवायचं यंत्र घरात होतंच.

नव्व्याण्णव सालातली दुपार. दिघे ड्यूटीवर, बाहेर पुन्हा टोझ. उजेड विटकरी झालेला, रस्त्यावरचे दिवे भरदुपारी लागलेले. मी झाकणाची कड जपून उचलली. एक घोट घेतला. चव ओल्या पुठ्ठ्याची! नऊ वर्षांत बिअर मरून गेली होती. खात्री करायला दुसरा घेतला. तिसरा, कारण दुसऱ्यावर विश्वास बसेना. बाटली अर्धी झाल्यावर लक्षात आलं की आता भर घालावीच लागणार, मग उरलेली कशाला ठेवायची? सगळी प्यायलो. दातसुद्धा घासले. बाटलीत आमचा चौदावा घाणा भरला, तेच झाकण ठोकलं, चिठ्ठी सरळ केली. त्या वेळी बंद न्हाणीघरातला बुडबुडा थांबला होता, एवढं मला आठवतं. मी बाहेर उभा राहून तो पुन्हा सुरू व्हायची वाट पाहत होतो, आणि वाट का पाहतोय ते मला कळत नव्हतं.

संध्याकाळी दिघे आले. दारात हुंगले. थांबले. पुन्हा हुंगले.

"घरात पुठ्ठा भिजलाय का कुठे?"

"टोझमुळे असेल काका. खाली खोके पडलेत."

"असेल," ते म्हणाले आणि बूट काढायला बसले. बराच वेळ बूट काढत होते.

आधी ते दर शुक्रवारी ती बाटली फडक्याने पुसायचे. त्यानंतर पुसायचे बंद झाले. मी याला माझं नशीब समजलो.

पण महिन्याभरात बाटलीच्या तळाशी एक पांढरा थर दिसू लागला. कारखान्यात बिअर गाळतात, तिचा तळ स्वच्छ असतो. घरच्या बिअरमधलं यीस्ट खाली बसतं. मी दूध काढायला फ्रिज उघडायचो आणि मागून तो थर माझ्याकडे बघायचा. नखाएवढा होता, मग बोटाच्या पेराएवढा वाटायला लागला. वाढत नसणार, पण वाटायचा. मी त्याच्यापुढे लोणच्याची बरणी ठेवली. दिघ्यांनी ती बरणी कधी हलवली नाही. त्यांना लोणचं फार आवडायचं.

चार वर्षं गेली. दिघे निवृत्त होऊन परत जायला निघाले. शेवटचा घाणा झाला, आणि एका शुक्रवारी दुपारी त्यांनी बरणी बाजूला केली, बाटली काढली, तीन ग्लास मांडले. बाहेर तोच विटकरी उजेड.

त्यांनी चिठ्ठी सोडून खिशात ठेवली, झाकण उडवलं, ओतली. नाकाशी नेली. मी इतका वेळ कुणाला काही हुंगताना पाहिलेलं नाही.

"ही माझी आहे," ते शांतपणे म्हणाले. "चौदावा घाणा. साखर जास्त पडली होती, तुझ्या हातून." मग माझ्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे कामत येऊन गेला म्हणायचा."

मी उडालेलं झाकण उचलून त्याची कड बघायला लागलो.

"येऊन, त्याची पिऊन, माझी भरून गेला. नाही का रे?"

तेव्हा बोलायचं होतं. तोंड उघडलं होतं मी. बाहेर आलं ते एवढंच: "असेल, काका."

ते अजून थोडा वेळ थांबले. मग त्यांनी पॅड ओढलं आणि कामतच्या बहिणीला पत्र लिहिलं. दोनच ओळी. पाकीट बंद करताना म्हणाले, "आता थांबायला काही उरलं नाही." तिसरा ग्लास त्यांनी तसाच ठेवला. शनिवारी सकाळी त्यांना विमानतळावर सोडून मी परत आलो, तेव्हा तो रिकामा होता. दोन बोटं नाही, पूर्ण.

दोन वर्षांनी नाशिकहून निरोप आला, दिघे झोपेत गेले. मी ते सांगायला जलीबला दाऊदभाईंच्या बकाल्यात गेलो. त्यांनी हात वर करून दुवा मागितली, मला स्टुलावर बसवलं. तिथे मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. बाटली, पुठ्ठा, चौदावा घाणा. "बिचारे शेवटपर्यंत समजत होते की कामत येऊन गेला."

दाऊदभाई पोत्याचं तोंड बांधता बांधता थांबले.

"कसला कामत? तू प्यायलास त्याच्या दुसऱ्या दिवशी दिघे हितं येऊन बसलेला. म्हनला, पोरानं बाटली पिली, तोंडाला वास येत होता. दात घासले तरी येत होता."

"मग विचारलं का नाही मला?"

"तू सांगशील म्हनून वाट बघत होता. त्याला कुठं रागवायचा होता? त्याला एकच इचारायचा होता, इतक्या वर्सांनी कामतच्या त्या बाटलीची चव कशी लागली. दुनियेत तुलाच ठाव होती."

एक गिऱ्हाईक येऊन साबण घेऊन गेलं. मी उठलो, आणि काय सुचलं कोण जाणे, दारातून वळून म्हणालो, "पण दाऊदभाई, तो तिसरा ग्लास मी कधी प्यायलो नाही. खरंच. शेवटचासुद्धा नाही."

"दिघे म्हनायचा, तूच पितोस."

"आईशप्पथ नाही. मला वाटायचं, तेच पितात."

दाऊदभाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पुन्हा पोत्याची दोरी आवळली.

"चार वर्सं खोटं बोललास इंजिनेर, आता येकदा खरं बोललास तरी कोन इकत घेनार?"